हापूसच्या बागेत संजीवकांचा वापर: कधी, किती आणि कशासाठी

हापूसच्या मुळांशी जुलैत जे औषध ओतले जाते ते झाडातील जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक कमी करते, आणि जानेवारीत मोहोरावर जे फवारले जाते ते जिबरेलिनच असते. एकाच झाडावर, एकाच संप्रेरकाच्या बाबतीत, सहा महिन्यांच्या अंतराने आपण नेमकी उलट कृती करतो. या दोन्ही कृतींमागचे कारण ज्याला नीट कळले, त्याला बागेतील संजीवकांचा, म्हणजे झाडाच्या संप्रेरकांसारखे काम करणाऱ्या किंवा त्यांना अडवणाऱ्या द्रव्यांचा, वापर कळला असे मी मानतो. आणि ज्याला ते कळलेले नाही, त्याच्या हातून एक चांगले औषध चुकीच्या महिन्यात पडून वर्षाचे पीक वाया जाऊ शकते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड या पट्ट्यात ज्यांची हापूसची कलमे आहेत, मग ती दहा असोत वा पाचशे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. येथे दिलेली प्रमाणे हापूससाठी आहेत. इतर जाती संजीवकांना वेगळा प्रतिसाद देतात, म्हणून ती त्यांना जशीच्या तशी लावू नयेत.

झाडात काय घडते

संप्रेरके झाड स्वतःच तयार करते, अत्यंत अल्प प्रमाणात, आणि बहुधा ज्या भागात ती तयार होतात त्यापेक्षा दुसऱ्याच भागात ती काम करतात. शेंड्याकडील कोवळ्या पानांत आणि वाढत्या बीमध्ये ऑक्झिन तयार होते व ते फांदीतून खाली वाहते. मुळांच्या टोकांना तयार होणारे सायटोकायनिन पाण्याबरोबर वर चढते आणि डोळे फुटण्यास मदत करते. जमीन कोरडी पडली की ॲब्सिसिक आम्ल वाढते, पानांवरील रंध्रे मिटतात आणि वाढ मंदावते. इथिलिन हा वायू आहे. तो फळ पिकवतो आणि पान किंवा फळ देठापासून सुटण्यासही कारण होतो. जिबरेलिन पेशी लांबवते. पेशीमध्ये वाढ रोखून धरणारी काही प्रथिने असतात. जिबरेलिन आले की ती मोडली जातात आणि कांडी लांबू लागते.

जिबरेलिनचा शोधच मुळी जास्तीच्या दुष्परिणामातून लागला. भाताची रोपे अवाजवी उंच, फिकट होऊन आडवी पडण्याचा एक रोग जपानी शेतकऱ्यांना ठाऊक होता. एइची कुरोसावा यांनी 1926 मध्ये दाखवून दिले की या रोगाच्या बुरशीने सोडलेल्या एका द्रव्यामुळेच रोपे लांबतात, आणि 1935 मध्ये तेजिरो याबुता यांनी त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिले. बागायतदाराने यातून इतके लक्षात ठेवावे की संप्रेरक हे खत नाही. खत थोडे जास्त पडले तर बहुतेक वेळा पैसे वाया जातात. संप्रेरक थोडे जास्त पडले तर झाडाचा आकार, मोहोर आणि पुढच्या वर्षाचे वेळापत्रक बदलते.

जून: आधी काडी पाहावी

आंब्याला मोहोर काडीच्या शेंड्यावर येतो, आणि तोही काडी पक्व असेल तरच. काढणी संपल्यावर झाडाला नवी पालवी फुटते. ती आधी तांबूस असते, मग पोपटी होते आणि शेवटी गर्द हिरवी व कडक होते. ऑक्टोबरपर्यंत पक्व झालेली काडी थंडीत मोहोरते. ऑक्टोबरमध्ये फुटलेली कोवळी काडी मात्र त्या हंगामात बहुधा तशीच राहते. पानांत तयार होणारा मोहोराचा संदेश शेंड्याच्या डोळ्यापर्यंत पोहोचतो, पण त्याच वेळी शेंड्यात जिबरेलिन भरपूर असेल तर तो डोळा मोहोराऐवजी पुन्हा पालवीच देतो. हापूस एका वर्षी लगडतो आणि दुसऱ्या वर्षी रिकामा राहतो, त्याचे एक मोठे कारण येथे आहे. भरघोस पीक आलेल्या झाडाचा अन्नसाठा संपलेला असतो, त्याच्या फळांतील बियांनी जिबरेलिन सोडलेले असते, आणि त्याला पालवी उशिरा फुटते.

म्हणून जूनमध्ये प्रत्येक झाडाखाली उभे राहून वर पाहावे. मधला भाग दाट झाला असेल आणि बुंध्यावर ऊन पडत नसेल, तर मधली एखादी सरळ वाढलेली फांदी काढावी व वाळलेल्या, रोगट फांद्या छाटाव्यात. शेंडा छाटला की वरून येणारे ऑक्झिन थांबते आणि त्याखालचे दबलेले डोळे फुटतात, हे ध्यानात घेऊन छाटणी करावी. ती उशिरा केली तर हीच फूट कोवळी राहून मोहोराला मुकते. शिफारशीप्रमाणे खताची पूर्ण मात्रा पावसाच्या सुरुवातीलाच द्यावी. पुढच्या महिन्यातील औषध झाडाकडून जास्त फळ मागणार आहे, तेव्हा उपाशी झाडाला ते देणे अन्यायाचे ठरते.

जुलै-ऑगस्ट: पॅक्लोब्युट्राझॉल

कोकणात ज्याला सगळे कल्टार म्हणतात त्यातील क्रियाशील घटक पॅक्लोब्युट्राझॉल हा आहे, आणि बाजारात मिळणाऱ्या द्रवात तो 25 टक्के असतो. तो स्वतः संप्रेरक नाही. झाडात जिबरेलिन तयार होताना जी रासायनिक साखळी चालते तिचा एक टप्पा तो अडवतो; त्यामुळे जिबरेलिन घटते, कांडी आखूड राहतात, सप्टेंबर-ऑक्टोबरची नको असलेली पालवी कमी होते आणि वाचलेले अन्न काडीतच साठते. परिणामी मोहोर लवकर येतो आणि बहुतेक दर वर्षी येतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने हापूससाठी याची शिफारस केली आहे, आणि पुढील पद्धत त्या शिफारशीला धरूनच आहे.

झाड दहा वर्षांहून मोठे, निरोगी आणि चांगल्या विस्ताराचे असावे. लहान कलमांना, नुकत्याच जोरदार छाटलेल्या झाडांना किंवा खोडकिड्याने पोखरलेल्या झाडांना हे औषध देऊ नये. देण्याचा काळ 15 जुलै ते 15 ऑगस्ट हा आहे आणि त्यामागे दोन कारणे आहेत. हा घटक मुळांवाटे शोषला जाऊन फक्त पाण्याच्या वाटेने वर चढतो, पानांवर फवारून तो खाली उतरत नाही. त्यामुळे जमीन ओली आणि मुळे कार्यक्षम असणे आवश्यक आहे. शिवाय शेंड्यातील जिबरेलिन घटून डोळा मोहोराकडे वळण्यास तीन-चार महिने लागतात. सप्टेंबर उलटल्यावर दिलेल्या मात्रेचा त्या हंगामात फारसा उपयोग होत नाही, आणि औषध मात्र जमिनीत दीर्घकाळ राहते.

मात्रा विस्तारावरून ठरते. दुपारच्या सावलीवर अंदाज बांधू नये. टेप घेऊन झाडाच्या घेराचा पूर्व-पश्चिम व्यास आणि दक्षिण-उत्तर व्यास मोजावा, दोहोंची सरासरी काढावी आणि दर मीटरला 3 मिली द्रव, म्हणजे 0.75 ग्रॅम क्रियाशील घटक, असा हिशेब करावा. समजा एका झाडाचा व्यास एका दिशेने 9 मीटर आणि दुसऱ्या दिशेने 7 मीटर भरला. सरासरी 8 मीटर आली, म्हणून त्या झाडाला 24 मिली औषध लागेल. ते 3 ते 6 लिटर पाण्यात मिसळायचे असते. येथे आपण 5 लिटर पाणी घेऊ.

आता बुंध्यापासून विस्ताराच्या कडेपर्यंतचे अंतर पाहावे आणि त्याच्या निम्म्यावर एक वर्तुळ कल्पावे. त्या वर्तुळावरील तण काढून, पहारीने 10 ते 15 सेंटीमीटर खोल अशी 25 ते 30 भोके सारख्या अंतरावर पाडावीत. पंचवीस भोके असतील तर वरच्या हिशेबाने प्रत्येकात 200 मिली द्रावण जाईल. एक ठरावीक माप हाती ठेवावे, मग कुठे जास्त, कुठे कमी होत नाही. द्रावण अधूनमधून ढवळावे, कारण औषध तळाला बसते आणि शेवटच्या भोकांत दाट जाते. ओतून झाल्यावर भोके मातीने बुजवावीत. हे काम पावसाची उघडीप पाहून करावे. मुसळधार पावसात औषध मुळांना मिळण्याआधीच उतारावरून वाहून जाते आणि कोकणातील जांभ्या जमिनीच्या उतारावर ते कुठवर जाईल हे सांगता येत नाही. विहिरीजवळ, भाजीच्या वाफ्यांजवळ किंवा आंतरपिकांच्या मुळांत ते जाऊ देऊ नये. हातमोजे वापरावेत आणि वेष्टनावरील सूचना पूर्ण वाचाव्यात.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो: बागेतील प्रत्येक ओळीत एखादे झाड औषधाविना ठेवावे आणि त्याच्या बुंध्यावर खूण करावी. शेजारच्या झाडाला मोहोर लवकर आला तो औषधामुळे की त्या वर्षी थंडीच लवकर पडली म्हणून, हे त्या खुणेच्या झाडाशिवाय कळण्याचा दुसरा मार्ग नाही. अनेक बागांत सरसकट औषध दिले जाते आणि मग चांगल्या वर्षाचे श्रेय बाटलीला व वाईट वर्षाचा दोष हवामानाला जातो.

मात्रा जास्त झाल्याची लक्षणे झाड स्वतः दाखवते. नव्या काडीची पेरे इतकी आखूड होतात की पाने एकाच ठिकाणी गुच्छासारखी दिसतात, पाने लहान व जाड येतात, आणि मोहोर लांब न सुटता घट्ट गोळ्यासारखा राहतो. अशा आवळलेल्या मोहोरात हवा खेळत नाही, ओलावा राहतो आणि भुरी हा बुरशीचा रोग व तुडतुडे हे रस शोषणारे कीटक यांचा बंदोबस्त अवघड जातो. ही लक्षणे दिसली तर पुढच्या जुलैत त्या झाडाला औषध देऊ नये किंवा कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञाला विचारून मात्रा घटवावी. मागील वर्षीचे औषध जमिनीत शिल्लक असते, हे विसरून दर वर्षी तीच मात्रा ओतत राहणे मला या सगळ्या प्रकारातील सर्वांत घातक सवय वाटते.

जानेवारी: पुनर्मोहोर आणि जिबरेलिक आम्ल

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रात्रीचे तापमान 20 अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागले की पक्व काडी मोहोरते. औषध दिलेल्या झाडांचा मोहोर आधी येतो, म्हणून तुडतुड्यांसाठीची पहिली फवारणीही त्यांच्यावर आधी करावी लागते. पुढे डिसेंबर-जानेवारीत कणी, म्हणजे अगदी बारीक फळे, धरते. याच सुमारास थंडीची दुसरी, लांबलेली लाट आली तर एक वेगळेच संकट उभे राहते. ज्या काडीवर आधीच वाटाण्याएवढी फळे आहेत तिच्याच डोळ्यांतून पुन्हा मोहोर सुटतो. नवा मोहोर अन्न ओढतो आणि जुनी फळे पिवळी पडून गळतात. पहिल्या मोहोराची फळे हीच बाजारात लवकर जाणारी, चांगल्या भावाची फळे असल्यामुळे पुनर्मोहोराचा फटका मोठा बसतो.

आता थंडीने दिलेला मोहोराचा संदेश डोळ्यांपर्यंत पोहोचू द्यायचा नसतो. जुलैत जे जिबरेलिन आपण घटवले होते तेच येथे उपयोगी पडते, कारण जिबरेलिन भरपूर असलेला डोळा मोहोराकडे वळत नाही. यासाठी जिबरेलिक आम्ल, म्हणजे बाजारात मिळणारे जिबरेलिन, 50 पीपीएम प्रमाणात फवारण्याची शिफारस आहे. पुरेसा मोहोर येऊन कणी धरलेल्या झाडांवरच ही फवारणी करावी. अजून मोहोर यायचा आहे अशा झाडावर किंवा अर्ध्या रिकाम्या फांद्यांवर ती केली तर त्या फांद्यांचा उरलासुरला मोहोरही थांबेल. म्हणून फवारणीपूर्वी बाग फिरून झाडांना खुणा कराव्यात आणि पंप फक्त खुणेच्या झाडांपाशी न्यावा.

प्रमाणाचा हिशेब येथे सर्वांत जास्त चुकतो. एक पीपीएम म्हणजे एका लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम. तेव्हा 50 पीपीएमसाठी लिटरला 50 मिलिग्रॅम, आणि 20 लिटर पाण्याला 1 ग्रॅम जिबरेलिक आम्ल लागते. शुद्ध पूड घेतली असेल तर ती पाण्यात सहज विरघळत नाही. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवून मग पाण्यात मिसळावी, नाहीतर गुठळ्या पंपाच्या तळाशी राहतात आणि पाने नुसत्या पाण्यानेच भिजतात. 40 टक्के विद्राव्य दाणे घेतले असतील तर 1 ग्रॅम जिबरेलिक आम्लासाठी अडीच ग्रॅम दाणे मोजावेत. दुकानात जिबरेलिक आम्ल 0.001 टक्के असे लिहिलेली द्रवाची बाटलीही मिळते. त्या द्रवात मुळातच 10 पीपीएम इतकेच आम्ल असते. पाणी न घालता सगळी बाटली ओतली तरी त्यातून 50 पीपीएमचे द्रावण होऊ शकत नाही. बाटलीवरील आकडा न वाचता अशी फवारणी केलेल्या बागायतदाराने संजीवक निरुपयोगी ठरवू नये. त्याच्या झाडाला ते मिळालेलेच नसते.

फवारणी सकाळी किंवा ऊन उतरल्यावर करावी, द्रावण त्याच दिवशी वापरून संपवावे आणि काडीच्या शेंड्यापर्यंत, फळांच्या देठांपर्यंत ते पोहोचेल याची काळजी घ्यावी.

कणी ते अंड्याएवढी कैरी

आंब्याच्या मोहोरात हजारो फुले असतात आणि त्यांतील अगदी थोडी फळे शेवटपर्यंत टिकतात. ही बरीचशी गळ झाड स्वतःच घडवून आणते आणि ती थांबवण्याचा अट्टहास करू नये. आपल्याला रोखायची असते ती जास्तीची गळ. फळात बी वाढत असते तोवर ते ऑक्झिन सोडते, आणि ते ऑक्झिन देठातून वाहत राहिले की देठाच्या तळाशी असलेला सुटण्याचा थर घट्ट राहतो. परागीभवन न झालेल्या, बी न धरलेल्या फळाचा हा प्रवाह थांबतो, इथिलिनचा अंमल वाढतो आणि फळ सुटते. ऑक्झिनसारखे काम करणारे एनएए (नॅप्थॅलिन ॲसेटिक आम्ल) 20 पीपीएम प्रमाणात फवारल्यास ही गळ काही अंशी कमी होते. बाजारातील 4.5 टक्के द्रव घेतला तर 20 लिटर पाण्याला साधारण 9 मिली पुरतो. हात सैल सोडू नये. हेच द्रव्य सफरचंदाची फळे विरळ करण्यासाठी, म्हणजे मुद्दाम गळवण्यासाठी, वापरले जाते.

तरी फवारणीच्या आधी जमीन पाहावी. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात जांभी जमीन लवकर सुकते, मुळांत व पानांत ॲब्सिसिक आम्ल वाढते आणि झाड स्वतःला वाचवण्यासाठी फळे टाकते. अशा वेळी एनएएच्या दोन फवारण्यांपेक्षा पाण्याची एक पाळी अधिक उपयोगी ठरते. फळे वाटाण्याएवढी असल्यापासून अंड्याएवढी होईपर्यंत प्रत्येक झाडाला 150 ते 200 लिटर पाणी पंधरा दिवसांच्या अंतराने द्यावे, आळ्यात वाळलेल्या गवताचे आच्छादन घालावे, आणि काढणीच्या महिनाभर आधी पाणी बंद करावे. याच काळात फवारल्या जाणाऱ्या पोटॅशियम नायट्रेटला काही जण संजीवक समजतात. ते अन्नद्रव्य आहे आणि त्याचा हिशेब खतात धरावा.

काढणी आणि पिकवणे

हापूस 14 आणे, म्हणजे सुमारे 85 टक्के तयार झाल्यावर काढावा. देठाजवळ खळगा पडतो, खांदे भरतात आणि हिरवा रंग थोडा फिकट होतो. झाडावर जास्त दिवस ठेवलेल्या फळात साका होण्याची, म्हणजे गर आतून स्पंजासारखा व आंबट होण्याची, शक्यता वाढते, तर कोवळे काढलेले फळ सुरकुतते आणि त्याला वास येत नाही. नूतन झेल्याने, म्हणजे फळ देठासह कापून जाळीत झेलणाऱ्या अवजाराने, थोडा देठ राखून, सकाळच्या वेळी काढणी करावी. चीक सालीवर उतरला की तेथे काळा डाग पडतो.

झाडावरून उतरल्यानंतर फळाचा कारभार इथिलिनकडे जातो. तयार फळात थोडे इथिलिन निर्माण झाले की ते स्वतःच्या निर्मितीला आणखी चालना देते. म्हणून पेटीतील एक पिकलेले, दुखावलेले किंवा कुजके फळ सगळ्या पेटीला पुढे ओढते. भाताच्या पेंढ्यातील आढी नेमके हेच काम संथपणे करते. पेंढा वायू धरून ठेवतो आणि ऊब टिकवतो. आढीत फळे एकावर एक दोन-तीन थरांपेक्षा जास्त रचू नयेत, मध्ये पेंढा पसरावा आणि रोज हात घालून पिकलेली व लागलेली फळे वेगळी काढावीत. व्यापारी प्रमाणावर पिकवायचे असेल तर बंद कक्षात 100 पीपीएमपर्यंत इथिलिन वायू वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाची परवानगी आहे. कॅल्शियम कार्बाइडला कायद्याने बंदी आहे. त्यातून निघणारा ॲसिटिलीन वायू इथिलिनची नक्कल करून साल पिवळी करतो, पण त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असू शकतात, आणि कोवळे फळ त्याने रंगले तरी आतून आंबटच राहते. इथिलिन सोडणाऱ्या इथेफॉनच्या द्रावणात फळे थेट बुडवण्यासही परवानगी नाही.

घरी डझनभर फळे पिकवायची असतील तर ती कागदी पिशवीत एका पिकलेल्या केळ्यासह ठेवावीत. कच्चा हापूस फ्रिजमध्ये ठेवू नये. सुमारे 12 अंशांच्या खाली त्याची साल डागाळते आणि नंतर बाहेर काढला तरी तो नीट पिकत नाही. पूर्ण पिकून वास सुटलेले फळ मात्र दोन-चार दिवस थंडीत राहू शकते.